उलटा सदरा

बायको गेल्यावर वर्षभर मी देवाला हात जोडले नव्हते. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या महादेवापासून दोन कोसांवर. कळायला लागल्यापासून दर सोमवारी त्या देवळाच्या पायरीवर डोकं टेकवणारा माणूस मी. पण तिला ताप भरला, तो डोक्यात चढला, अन् मी त्याच पायरीवर बसून राहिलो तरी चौथ्या दिवशी ती गेली. मग मी महादेवासमोर उभा राहून सरळ बोललो, "तुह्यात काई दम नाई. आता तुहा-माहा संबंध सरला." पुजारी ऐकत होता. मी घरी आलो अन् सोमवार सोडून दिला.

आम्ही धान पिकवणारी माणसं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला अन् मोहफुलं वेचायला आम्ही दोघं रानात जायचो. रानात माणूस माणसाला दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची अन् दुसऱ्यानं जिथं असेल तिथून "ओऽ" म्हणायचं. एवढंच. ओ आली की समजायचं सगळं ठीक आहे, अन् पुन्हा कामाला लागायचं. चाळीस उन्हाळे आम्ही असेच काढले. ती गेल्यावर मला घरात सगळ्यात जास्त काय खुपलं असेल, तर ते हे, की हाक द्यायला कोणी नाही अन् ओ द्यायला कोणी नाही.

तरी मी काठमांडूला गेलो, ते तिच्या शब्दापायी. सहा वर्षांआधी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नागपूरला झालं. मी एकटाच गेलो होतो, घरी म्हैस व्यायली होती म्हणून ती येऊ शकली नाही. तेव्हा तिनं नवस केला, यांची नजर परत येऊ दे, आम्ही दोघं पशुपतीनाथाच्या पाया पडू. नजर आली. पण धान, म्हैस, पोरीचं लग्न, यात जाणं राहून गेलं. तिच्या अस्थी मी मार्कंड्याला नदीत सोडल्या, पण चिमूटभर मागे ठेवल्या, तिच्याच हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. मनात म्हटलं, देवाशी माझं भांडण असो, हिचं तर नव्हतं. हिला पोहोचवून देऊ अन् मोकळं होऊ.

मूल गावच्या एका यात्रेवाल्यानं बस नेली. निघताना चंद्रपूरची माझी पोरगी आली अन् तिनं माझ्या खिशात मोबाईल टाकला. तेव्हा ते यंत्र नवीनच होतं. ती म्हणाली, "बाबा, हिरवं बटन दाबा की मी बोलते. लाल दाबा की बंद. बाकी कुठीच हात लावू नका." मी म्हटलं, "अन् नाई बोलली तं?" ती म्हणाली, "काऊन नाई बोलणार? सगळ्यांचे नंबर भरून देल्ले ना त्यात." तिनं एका कागदावरही नंबर लिहून दिले, तो मी पिशवीत टाकून दिला. यंत्र असताना कागद कशाला, असं वाटलं. गोरखपूरपर्यंत मी तिच्याशी रोज बोललो. पण सीमा ओलांडली अन् यंत्र मुकं झालं. यात्रेवाला म्हणाला, "भाऊ, हे परदेश आहे, तुमचा फोन इथी नाई चालत." मला पटलं नाही. काठमांडूपर्यंत मी हिरवं बटन दाबत राहिलो, अन् दाबता दाबता त्यातली बॅटरी सरली. मग तर दिवाही लागेना.

काठमांडूत आम्ही सकाळी पोहोचलो. जुन्या वस्तीत एका धर्मशाळेत उतरलो. जेवून, थोडं पडून, तीन वाजता बसनं पशुपतीला जायचं अन् दुसऱ्या दिवशी पहाटे परतीला लागायचं, असं ठरलेलं होतं. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून ती हिरवी पुरचुंडी मी धर्मशाळेच्या अंगणातल्या झाडाच्या फांदीला बांधली. अन् मग मला खर्ऱ्याची तलफ आली. सोबत आणलेला खर्रा वाटेत संपला होता. सुपारी अन् तंबाखू तर तिथंही मिळत असेल, आपण स्वतः घोटून घेऊ, म्हणून मी कोणाला न सांगता बाहेर पडलो. अस्थी झाडाला टांगून माणूस खर्रा शोधायला जातो. आता लिहिताना हात थांबतो, पण मी गेलो.

दोन गल्ल्या गेलो, तिसरी गेलो. परतायला निघालो तर धर्मशाळा नाही. पाट्या वाचायचा प्रयत्न केला. मी दोन बुकं शिकलेला, एकेक अक्षर लावतो. अक्षरं आपलीच होती, पण बोल परका. तरी वाचून उपयोग काय होता? धर्मशाळेचं नावच मला माहीत नव्हतं, अन् पोरीनं दिलेला नंबरांचा कागद पिशवीसकट तिथंच राहिला होता. लोकांना विचारलं, "झाडवाली धर्मशाला किधर है?" एकानं इकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिकडे. प्रत्येक वाटेनं जाऊन मी पुन्हा पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानापुढं यायचो. एकदा आलो, दोनदा आलो. तिसऱ्यांदा तेच दुकान, तोच दुकानदार, अन् त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेलेले. माझं काय, मी मेलो तरी चालत होतं. पण तीनला बस गेली, पहाटे परतीला लागली, तर ती तिथं परक्या झाडाला लटकत राहील. जिनं माझ्या नजरेसाठी नवस केला, तिला मी देवाच्या दारापर्यंत आणून रस्त्यातच सोडली, असं होणार होतं.

आमच्याकडे रानात असं होतं, त्याला चकवा म्हणतात. फिरून फिरून माणूस त्याच जागी येतो. त्यावर जुन्या माणसांनी सांगितलेला उपाय आहे. चालायचं थांबायचं, तिथंच खाली बसायचं, अंगातला सदरा काढून उलटा घालायचा. मी तेच केलं. भर बाजारात, त्या भांड्यांच्या दुकानाशेजारी, एका मण्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, सदरा काढला, उलटा केला अन् घातला. पोरीबाळी हसल्या. मी डोळे मिटले. तेव्हा वर्षानंतर पहिल्यांदा मनातून निघालं, महादेवा, माझ्यावरचा राग माझ्यापाशी ठेव, हिला अडवू नको.

दुकानातली बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल. मला वाटलं, आता हाकलून देते. ती म्हणाली, "बा, बस्नुस्." म्हणजे बाबा, बसा. मग माझ्या मागं उभी राहून हिंदीत म्हणाली, "बा, आपकी पीठ पर ये फोन नंबर किसका है?"

मला वाटलं बाई थट्टा करते. मी म्हटलं, "पीठ पे कायका नंबर?" तिनं कॉलरच्या खाली बोट ठेवलं अन् एकेक आकडा वाचायला लागली. नेपाळात आकडेही आपल्यासारखेच लिहितात. ती वाचत होती अन् मला सगळं आठवत गेलं.

नागपूरला ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी बायको हा सदरा घेऊन बशीरभाऊच्या दुकानात गेली होती. बशीरभाऊ आमच्या गावचा शिंपी, अन् गावातला एकुलता एक टेलिफोन त्याच्याच दुकानात. तिनं त्याच्याकडून सदऱ्याच्या आतल्या बाजूनं खडूनं नंबर लिहून घेतला, अन् रात्रभर बसून त्या खडूवर लाल धाग्यानं टाके घातले. तिला एकही आकडा वाचता येत नव्हता. फुलं काढावी तसे तिनं आकडे काढले. सकाळी मी पाहिलं अन् खेकसलो, "काऊन नव्या सदऱ्याचं वाटोळं केलं?" ती म्हणाली, "कागद तुमी हरपता. सदरा तं आंगावर राह्यते." नागपूरला त्याचं काम पडलं नाही. सहा वर्षांत धागा विटून गुलाबी झाला, अन् मी साफ विसरलो. यात्रेला हा सदरा घातला, तो एवढ्यासाठी की माझ्यापाशी धड असा तोच एक होता.

बाईच्या दुकानात मण्यांच्या माळांच्या मागं फोन होता, लोक पैसे देऊन बोलायचे. तिनं नंबरापुढं भारताचे आकडे लावले अन् रिसीव्हर माझ्या कानाला दिला. खूप वेळ खरखर झाली. मग आवाज आला.

"हॅलो, कोन?"

"बशीरभाऊ, मी बोलतो."

"मी कोन? नाव नाई का?" अन् लगेच ओळखून, "भाऊ! तुमी तं काठमांडूत आहा ना?"

"आहो. हरपलो."

"काठमांडूत हरपले अन् मले इथी चामोर्शी तालुक्यात विचारता?" तो हसायला लागला. मला हुंदका फुटला. मग तो हसायचा थांबला. "भाऊ, रडून राह्यले का? थांबा, फोन ठेवू नका. यात्रेचा कागद माह्या भितीलेच चिपकवला आहे."

यात्रेवाल्यानं बसची जाहिरात गावोगावी वाटली होती. मुक्कामाच्या गावाचं नाव, धर्मशाळेचं नाव, तिथला फोन, सगळं त्यावर छापलेलं. आमच्या गावची नावनोंदणी बशीरभाऊच्याच दुकानात झाली, म्हणून तो कागद त्याच्या भिंतीवर होता. त्यानं वाचून दाखवलं, मी ते बाईला म्हणून दाखवलं. बाईनं कपाळावर हात मारला. धर्मशाळा तिच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होती. मधे एक बोळ होता, त्याचं तोंड इतकं अरुंद की मी तीनदा त्याच्यावरून गेलो अन् ते एखाद्या घराचं दार समजलो. मागच्या गल्लीतली जागा मला दाखवायला हाक पार वैनगंगेपर्यंत गेली अन् फिरून आली.

फोन ठेवायच्या आधी बशीरभाऊ म्हणाला, "भाऊ, तुमचं नशीब पाहा. सगळ्यांपाशी मोबाईल आले, माह्या फोनले कोनी पुसत नाई. म्या कनेक्शन तोडाचा अर्ज देला आहे. उद्या लाईनमन येणार आहे."

बाईनं दुकान उघडंच टाकलं अन् माझ्या मनगटाला धरून मला त्या बोळातून नेलं. तिनं तिचं नाव सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी तिला आईसारखी मानतो, वयानं ती लहान असली तरी. अंगणात आमची सगळी माणसं जमली होती. यात्रेवाला ओरडत होता. आमच्या बाजूच्या गावची एक बाई मला पाहून म्हणाली, "आला माय, बुढा आला! भेटला का भाऊ खर्रा?" दुसरी माझ्या उलट्या सदऱ्याकडे पाहून म्हणाली, "सदरा तं सरका घाला!" मग त्या पहिलीनंच सांगितलं, की यात्रेवाला बस काढायला निघाला होता, पण बायका अडून बसल्या. म्हणाल्या, पुरचुंडी झाडाले आहे तोवर मानूस कुठी जात नाई, येतेच. मी झाडाकडे पाहिलं. ती होती.

मी सदरा उलटाच ठेवला. तसाच बसमध्ये बसलो, तसाच देवाच्या दारी गेलो. बागमतीच्या घाटावर गुरुजींनी दोन मंत्र म्हटले अन् मी हिरवी पुरचुंडी पाण्यात सोडली. नदी लहान, आमच्या वैनगंगेपुढं ओढाच. पुरचुंडी थोडी तरंगली, फिरली अन् बुडाली. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ओऽ". रानात देतो तशी, मोठ्यानं. गुरुजी दचकले. घाटावरची माणसं पाहायला लागली. मला कोणाचीच लाज वाटली नाही. तिनं हाक सहा वर्षांआधीच देऊन ठेवली होती, लाल धाग्यानं, माझ्याच पाठीवर. मला ऐकू यायला एवढा वेळ लागला. मग मी पशुपतीनाथापुढं गेलो अन् वर्षानंतर हात जोडले. भांडणाचं काय करायचं ते त्याला विचारलंच नाही. ते कधी सरलं, मलाही कळलं नाही.

हा चमत्कार होता का, असं पोरगी विचारते. मला शिकल्या माणसासारखं सांगता येत नाही. मी एवढंच जाणतो, की ज्या यंत्रावर माझा भरवसा होता, ते मुकं झालं. ज्या सदऱ्यावरून मी बायकोला बोललो, त्यानं मला पोहोचवलं. मी देवाशी संबंध तोडून आलो होतो, पण माझ्या पाठीवर काय बांधून दिलेलं आहे, ते मला दिसत नव्हतं. ते परक्या बाईला दिसलं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हेच खरं. म्हणून आता मी कशाची फार घासाघीस करत नाही. वाट सरली की खाली बसतो.

बशीरभाऊनं फोन काढू दिला नाही. लाईनमन आला तेव्हा त्याला चहा पाजला अन् परत पाठवला. दुकानात तो फोन अजून आहे, महिन्यात एखादा वाजतो. सदऱ्याची कॉलर विरली आहे. तो मी कोणाला धुवायला देत नाही, नदीवर स्वतः नेतो. सोमवारी तो घालून मार्कंड्याला जातो, पायरीवर डोकं टेकवतो. मागायचं काही राहिलं नाही. आतल्या आत एक ओ देतो अन् घरी येतो.