मी तिला ‘अभ्यास कर’ म्हणणं सोडलं

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. साताऱ्याच्या माझ्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर आमच्या आमटीत मीठ जास्त पडलं, तेसुद्धा दुपारपर्यंत कळलेलं असतं. देवापुढे हात जोडतानाही मी हा विषय टाळते. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी लखनऊला, अलीगंजमध्ये राहते. नवरा बँकेत, त्याची बदली होत राहते, आम्ही मायलेकी इथेच. जेवणाच्या टेबलावर मी अकरावी-बारावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. आणि केतकी — माझी एकुलती एक — हॉकी खेळायची. गोलकीपर. तिचे घामेजलेले पॅड बाल्कनीत वाळत पडले की शेजारच्या मिश्रा भाभी खिडकी लावून घ्यायच्या. त्यावरून मी तिला बोलायचे. मी बोलतेच हो. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्यात अभ्यासावरून तर फारच. पुस्तक उघड, हॉकी काय जन्माला पुरणार आहे का — पोरीचे कान किटले होते. मी मराठीत ओरडायचे आणि ती हिंदीत म्हणायची, “अच्छा ना आई, कर लूँगी.”

ती अकरावीत असताना एकदा मी डबा घेऊन छावणीजवळच्या मैदानावर गेले होते. तिच्या कोच सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, दक्षिणेतल्या एका कॉलेजची माणसं पुढच्या वर्षी मुली बघायला येणार आहेत. राहणं, शिकणं, खेळणं, सगळं कॉलेजच्या खर्चानं. केतकीचा खेळ तसा आहे, तिला घेतील. पण बारावीला साठ टक्के हवेतच. त्याच्या खाली असेल तर कितीही चांगली खेळाडू असो, ते घेत नाहीत. “लड़कियाँ समझती हैं सिर्फ़ खेल से काम चल जाएगा. मेरी नहीं सुनेगी, मैडम. आप घर पर समझा दीजिए.”

मी मान हलवली. परतताना ई-रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. आणि मला नुसतं घर दिसत होतं — नवरा नाही, ती नाही, शिकवणीची मुलं निघून गेलेली, आणि मी एकटी त्या टेबलाशी. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

उद्या सांगितलं नाही. परवाही नाही.

एवढंच असतं तर विसरले म्हणता आलं असतं. पण मी विसरले नव्हते. उलट — कसं सांगू — मी तिला टोकणंच बंद केलं. जी बाई रोज उठून अभ्यास, अभ्यास करायची, ती एकदम गप्प झाली. सरावाहून दमून आली की मी म्हणायचे, झोप जरा. तिचं गणिताचं पुस्तक तसंच पडलेलं असायचं. मी त्यावरची धूळ पुसून ते जागेवर ठेवून द्यायचे. आणि त्याच टेबलाशी लोकांच्या मुलांना घसा फोडून शिकवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — पण त्या म्हणीतल्या माणसाला निदान आपण काय करतोय ते कळत नसेल. मला कळत होतं.

तिला काय वाटलं असेल? एका रविवारी मी पोळ्या करत होते आणि ती बाहेर फोनवर वडिलांशी बोलत होती. “बाबा, आई अब टोकती ही नहीं. उसको भी भरोसा हो गया है मुझ पर.” इतकी खूश होती. तेव्हा अजून वर्ष हाताशी होतं. पिठाच्या हातानं बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

बारावी सुरू झाल्यावर सरांनी मला पुन्हा विचारलं, बताया ना उसको? मी म्हटलं, हाँ सर, पढ़ रही है. एवढं सरळ खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

थंडीत कॉलेजची माणसं आली. सामना बघितला आणि केतकीला निवडलं. टक्क्यांचं तिला सांगून झालंय, असं सरांनीच त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. ती पॅडसकट धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मी रडले; सगळ्यांना वाटलं, आई आहे, रडणारच.

निकाल लागला — त्रेपन्न टक्के. गणितात, माझ्या विषयात, जेमतेम पास. कॉलेजनं नाही म्हणून कळवलं. आम्ही दोघी सरांकडे गेलो. ते तिच्यावर नाही, माझ्यावर चिडले. “मैडम, मैंने आपको ग्यारहवीं में ही बोला था ना, साठ चाहिए?”

केतकीनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग सरांना म्हणाली, “हाँ सर, आई ने बताया था. मैंने ही नहीं पढ़ा.”

मी काय केलं असेल? काहीच नाही. पर्स छातीशी धरून उभी राहिले. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. आई विसरली असेल, असं तिला वाटलं का? की सगळंच कळलं? मी कधी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला. तिनं मन नहीं है म्हणून सांगितलं. पॅड तिनं एका लहान मुलीला देऊन टाकले.

आता ती इथेच, लखनऊमध्ये, तेलीबागला एका ऑफिसात जाते. घरात फार बोलत नाही, पण वागते नीट. माझ्या गोळ्या आणते, भाजी आणते. मला ती जवळ हवी होती, आणि ती आहे. त्यासाठी तिचं काय गेलं, ते मला रोज दिसतं, तिच्या ताटात वाढताना दिसतं. तरी संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजली की मला बरं वाटतं. अजूनही.