शेठचं भिंग आणि वहिनीचा कोपरा

भिवंडीत मला चित्रकार म्हणून ओळखणारी जी थोडी माणसं आहेत, त्यांना आधीच सांगून टाकतो: माझ्या बक्षिसांवर फार जाऊ नका. घरी आलेले पाहुणे शोकेसमधल्या ढाली बघून "वा!" म्हणतात, तेव्हा मी चहाचा कप तोंडासमोर धरतो. लोकांना तो विनय वाटतो. मुळात मी कमी बोलणारा, त्यामुळे हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. आता पन्नाशी उलटली, ढालींवरचा सोनेरी मुलामाही उडाला. बोलून टाकायला हरकत नाही.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या आसपासची. खाली दादाच्या लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि वर आम्ही राहायला, असं आमचं घर. दादा लूम बघायचा, मी उतरलेलं कापड तपासून घड्या लावायचो आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचो. वरच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल होतं. घरातला तेवढा एकच कोपरा कोरडा आणि वाऱ्याचा, म्हणून वहिनीचा त्याच्यावर डोळा. वहिनी अंजूरकडची, खाडीकाठची. पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात ती सुके बोंबील, जवळा, वाकट्या भरून ठेवायची आणि त्यासाठी तिला नेमका तोच कोपरा हवा असायचा. मी आठवीत असताना ती लग्न होऊन आली, त्यामुळे मला अरेतुरेच करायची. खवळली की मात्र एकदम 'भावजी' आणि 'तुम्ही'.

"भावजी, पाऊस लागला की तुमची चित्रं भाजून खायची का आम्ही?"

रोजच्या या कटकटीला कंटाळून शेवटी दादाने निवाडा केला. गावात दर वर्षी परीक्षा संपल्या की एका शाळेच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरायचं. त्यात एक विभाग लहान चित्रांचा होता, दीड फुटाच्या आतली. परीक्षक निवड करायचे. निवडलेली चित्रं भिंतीवर, बाकीची ज्याची त्याला परत. माझी तोवर परतच आली होती. दादा म्हणाला, "या साली याचं चित्र भिंतीवर लागलं, तर कोपरा याचा. न्हाय लागलं, तर बोंबलांचा. दर साली असंच. विषय संपला."

"आन् परत आलं तर रडायचं न्हाय हां," वहिनी म्हणाली आणि तिथल्या तिथे माझ्या टेबलाची लांबी वितीने मोजू लागली.

मी घाबरलो. तो कोपरा गेला असता तर माझी चित्रकलाही गेली असती. घरात दुसरीकडे कुठे बसलो की कुणीतरी हातात कोथिंबीर निवडायला द्यायचं.

कॅनव्हास आणायला कल्याणला जावं लागे. तेवढा वेळ नव्हता, म्हणून दादाच्याच लूमवरचं कोरं कापड लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणलं आणि त्यावर खाडीतली होडी काढली. खाली लूम चालू असल्या की टेबल थरथरायचं, त्यामुळे माझी एकही रेघ कधी सरळ आली नाही. होडीला कड म्हणून ओढलेली रेघ करवतीच्या दातांसारखी आली.

परीक्षणाच्या दिवशी नेहमीप्रमाणे लाइट गेलेली होती. संयोजकांनी मला धरलं. "अहो, तुम्ही जरा खिडकीचा पडदा वर धरून उभे राहा, उजेड येऊ दे." मी स्टुलावर चढून पडदा धरला. आपल्या चित्राबद्दल परीक्षक काय बोलतात हे चित्रकाराने ऐकायचं नसतं, हा नियम मला ठाऊक होता. पण पडदा धरणाऱ्याने कान कुठे ठेवायचे, याबद्दल नियम नव्हता.

परीक्षक दोन. एक निवृत्त ड्रॉइंगचे सर, मऊ बोलणारे. दुसरे ढाली पुरवणारे शेठ, कापडाचे व्यापारी. त्यांच्या खिशाला पितळेचं दुमडणारं भिंग असायचं, काडेपेटीएवढं. ते उघडून कापडावर ठेवायचं आणि एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. आमच्याकडे कापडाचा व्यापारी पेन विसरेल, भिंग विसरणार नाही.

माझ्या चित्रासमोर दोघं थांबले. शेठने भिंग काढलं आणि आभाळावर टेकवलं. त्यांचे ओठ हलू लागले.

"वा, सरजी! एकदम बराबर. एक तार इकडची तिकडे नाही."

"म्हणजे रचना म्हणताय ना?" सरांनी विचारलं.

"हां हां, रचना. रचना टाइट आहे."

"आणि रेषेत एक कंपन आहे बघा. मनाची अस्वस्थता."

"कंपन? मला तर कुठे फॉल्ट दिसत नाही." शेठ भिंग सरकवत सरकवत खाली आले आणि थबकले. "फक्त इथे माल खराब केलाय."

"कुठे?"

"हे काय, इथे रंग लागलाय."

त्यांनी होडीवर बोट ठेवलं होतं. सरांनी होडीकडे पाहिलं, मग शेठकडे. ढाली कोण देतं हे त्यांना माहीत होतं. मग ते म्हणाले, "होडी थोडी कमी चालली असती, हे खरं. उत्तेजनार्थ देऊ या."

स्टुलावर मी तोंड पडद्यात लपवलं. लाजेने की आनंदाने, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन मी एवढंच म्हणालो, "उत्तेजनार्थ मिळालं. शेठनी भिंग लावून पाहिलं माझं चित्र."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाप करायला खोटं बोलावं लागतंच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

"भिंग लावून?" वहिनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे डॉक्टर बघतात तसं?"

पुढच्या आठवड्यात अंजूरला एका हळदीला गेली, तर तिने मांडवातल्या झाडून साऱ्या बायांना सांगितलं की माझ्या दिराची चित्रं साध्या डोळ्यांनी बघायची नसतात. परत आली आणि मुकाट्याने बोंबलांची टोपली जिन्याखाली नेऊन ठेवली. कोपरा माझा झाला होता. जिन्याखाली मांजरांचं जाणं-येणं होतं. जून लागायच्या आत टोपलीत नुसता वास उरला. तो अख्खा पावसाळा आम्ही वाल आणि वाटाणे खाऊन काढला. दादा ताटाकडे बघून उसासे टाकायचा. वहिनी मात्र मला एका शब्दाने टोचून बोलली नाही आणि तेच मला जास्त लागलं.

कुणाला वाटेल, एवढं मन खात होतं तर मी सुधारलो असेन. मी बिघडलो. पुढच्या वर्षी मी चित्राचा विचारच केला नाही, कापडाचा केला. महिनाभर लूमसमोर उभा राहून एकेक वार निरखत होतो. दादाला वाटलं, भाऊ धंद्यात लक्ष घालू लागला. सगळ्यात बारीक विणीचा तुकडा निवडला, होडी अर्ध्यावर आणली आणि तिसरं बक्षीस मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी होडी खालच्या कोपऱ्यात सरकवली, साधारण काडेपेटीएवढी. बाकी सगळं कापड कोरं. पहिलं बक्षीस! सरांनी बक्षीस समारंभात रिकाम्या जागेच्या सामर्थ्यावर बराच वेळ भाषण केलं. शेजारी बसलेले शेठ माझ्या चित्राच्या कडा दोन बोटांत चोळून बघत होते. शाळेतल्या एका मुलीने उठून मला विचारलं, "सर, हा रिकामेपणा तुम्ही कसा आणलात?"

"काही केलं नाही," मी म्हणालो. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

वहिनी दर वर्षी चित्रावरून हलका हात फिरवायची, काही न बोलता टोपली उचलायची आणि जिन्याखाली जायची. कधी वर दगड ठेवायची, कधी जुनं पोतं बांधायची. मांजरं प्रत्येक वेळी तिच्यापेक्षा हुशार निघाली.

अशा आणखी तीन-चार ढाली झाल्या आणि मग ते वर्ष आलं. आसपासच्या शेतांवर पत्र्याची गोडाऊनं उभी राहू लागली होती आणि लूम भंगाराच्या भावात निघत होत्या. दादाच्या चालू होत्या, एवढंच. शेठने कापडाचं दुकान आवरून कोन गावाच्या बाजूला गोडाऊनं टाकली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीच्या तयारीनिशी गेलो: कापड रेशमासारखं, होडी खाली उजवीकडे. लाइट गेलेली होतीच. मी न सांगता स्टुलावर चढलो आणि पडदा धरला. आता ते माझं मानाचं काम झालं होतं.

शेठ आले. त्यांच्या खिशात भिंग नव्हतं. तिथे लोखंडी मोजपट्टी होती, गोल डबीतली, सुर्रकन बाहेर येणारी.

माझ्या चित्रापासून ते दोन पावलं मागे सरकले. "सरजी, ही एवढी जागा खाली सोडली कशाला?"

"अवकाश आहे तो, शेठ. गेल्या साली आपणच पहिलं दिलं."

"गेल्या सालची बात सोडा. आज जागेला काय किंमत आहे!" त्यांनी पट्टी ओढून चित्राला लावली. "यात अजून पन्नास होड्या आरामात बसतील. वर माळा टाकला तर शंभर."

"पण शेठ, कला म्हणून..."

"कला म्हणूनच सांगतो. हे बघा, याला म्हणतात काम!" शेजारच्या चौकटीत वज्रेश्वरीची जत्रा होती. माणसांवर माणसं, पाळणे, फुगे, पेढ्यांची दुकानं, तळाशी एक कुत्रा चेंगरलेला. "एक इंच वाया घालवला नाही पोराने."

माझ्या हातातून पडदा सुटला. हॉलमध्ये अंधार झाला.

"अरे ए पडदेवाले!" शेठ ओरडले.

चित्र बगलेत मारून घरी आलो, तेव्हा वहिनी दारातच होती. वाटलं, आता टोपली घेऊन उड्या मारत वर जाईल. तर तिचा चेहराच पडला.

"न्हाय लावलं? डोळे फुटलं का त्यांचं? आन् भिंग?"

"भिंग नव्हतं."

"मंग असंच कसं बघितलं! थांब, मी जाते त्या शेटकडं. भिंग आण म्हणते आदी!"

तिने खरंच पायात चपला सरकवल्या. माझ्याने राहवेना. मी दारात आडवा आलो आणि सगळं सांगून टाकलं. धागे, तार, लागलेला रंग, मी धरलेला पडदा, सगळं. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. दादा हसता हसता खोकायला लागला, मग जिन्यात बसून हसला. वहिनी हसली नाही.

"म्हंजे पयल्या सालीसुदीक चित्राला न्हवतं?"

"नाही. कापडाला होतं."

"आन् माझे बोंबील?"

तिने माझ्या बगलेतलं चित्र ओढून घेतलं, खिडकीशी नेलं आणि डोळ्यांजवळ धरलं. एवढ्या वर्षांत शांतपणे उभं राहून माझं चित्र बघणारं पहिलं माणूस ते.

"यात चित्र कुठलं?"

मी बोटाने दाखवलं.

"ही? हे काय हाय?"

"होडी."

"होडी हाय ही?" ती मटकन स्टुलावर बसली. "मी इतकी वर्सं चप्पल समजत होते!"

"चप्पल?"

"मंग! किनाऱ्यावर ऱ्हायलेली, एकाच पायाची. दर साली एवढुशी होत चाललेली. मला वाटलं, पोराच्या मनात काय दुख हाय कोन जाने, इचारावं तर बोलत न्हाय. म्हनून तर मी कदी कुरकुर केली न्हाय. न्हायतर एवढे बोंबील सोडले असते का मी?"

दादाचं हसणं जिन्यातून पुन्हा सुरू झालं.

वहिनी उठली. तिने सुरीच्या टोकाने चौकटीचे खिळे उपसले, कापड झटकून उजेडात धरलं आणि मान डोलावली. "कापड मातर चांगलं हाय." मग कात्री घेऊन तिने होडी कोपऱ्यातून नीट चौकोनी कापून काढली. काडेपेटीएवढा तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हे तुजं. कोपरा माजा. आन् यात भाकऱ्या गुंडालीन."

संध्याकाळी मी टेबल उचललं. रंगांच्या बाटल्या कुठे ठेवाव्यात कळेना, म्हणून ओट्याच्या कडेला मिठाच्या बरणीमागे ओळीने लावल्या. वहिनी भाकऱ्या थापत होती. खाली लूम बंद होत्या, ओटा हलत नव्हता. मी तो तुकडा बरणीला टेकवला आणि बराच वेळ बघत राहिलो. आजूबाजूचं कापड गेल्यावर ती खरंच चप्पल दिसत होती. बारीक ब्रश घेऊन मी तिच्या बाजूला एक वल्हं काढलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ सरळ आली.

"वहिनी, आता?"

हातावरची भाकरी न थांबवता तिने मान वाकडी करून पाहिलं.

"आता पट्टा तुटलेली."