ओव्हनमधलं कुंभारणीचं घर

आमच्या घरचा गॅसचा ओव्हन पेटत नाही, हे मला नेमकं तो पेटायलाच हवा होता त्या दिवशी कळलं. एरवी मी त्याच्यात पापडांचा डबा आणि मोठी कढई ठेवते. दिवाळीत पुण्याहून लेक आली होती, तिने त्यात केक केला. त्यानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसांत माझे बाबा माझ्याकडे वर्ध्याला होते. गावी वडनेरला न्यूमोनियाने पडले, दवाखान्यातून सुटले ते सरळ माझ्याकडे आणले. ताप गेला, खोकला गेला, पण जेवण काही तोंडात जाईना. मुगाचं वरण केलं, पेज केली, ज्वारीच्या कण्या केल्या. दोन घास झाले की ताट सरकवायचे. "गिळवत नाई वं बाई." जन्मभर शेतात राबलेला माणूस पोराच्या सदऱ्याएवढा उरला होता. मला फार भीती वाटत होती. भीती वाटली की मी चिडते, म्हणून तेव्हा मी सगळ्यांवरच चिडत होते.

आणि एका सकाळी बाबा स्वतःहून म्हणाले, "रोडगे खावासे वाटून राह्यले."

आता रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजायची गोष्ट. आणि डॉक्टरांनी बाबांना धुराजवळ फिरकू द्यायचं नाही म्हणून बजावलेलं. मला लेकीचं बोलणं आठवलं. हा ओव्हन तिनेच घेऊन दिला होता, आणि तेव्हा म्हणाली होती, "आई, याच्यात रोडगेसुद्धा होतात. धूर नाही, राख नाही." मी तेव्हा नाक मुरडलं होतं. आता मुकाट्याने जाडी कणीक काढली, ओवा चोळला, तेलाचं मोहन घातलं, रोडगे वळून परातीत मांडले आणि पापडांचा डबा बाहेर काढून ओव्हनचं बटण दाबलं.

टक टक टक. ठिणगी दिसली, जाळ नाही.

सिलिंडर भरलेला होता, वरच्या शेगड्या झक्क पेटत होत्या. बटण दाबून धरलं, दार उघडं ठेवून पाहिलं, लायटर लावला, काडी लावली. बोट भाजलं. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते आले आणि त्यांनी ओव्हनच्या कुशीत दोन थापा मारल्या.

"रेडिओ आहे का तो?" मी म्हटलं.

"पाहून राह्यलो फक्त."

कंपनीच्या नंबरवर फोन केला तर एक बाई मला हे दाबा, ते दाबा सांगत राहिली. मी सगळं दाबलं. मग गाणं लागलं. गावातल्या मिस्त्रीने "येतो ना, ताई" म्हटलं आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, शाल गुंडाळून सगळं पाहत होते. "तो पेटून नाई राह्यला," ते यांना म्हणाले, "पण बाई पेटली पाह्य."

शेवटी मी रेग्युलेटर बंद केला, पदर खोचला आणि ओव्हनचा तळपत्रा काढला. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, एक बर्नर उघडता येणार नाही का? दोन स्क्रू काढल्यावर बर्नरची नळी हातात आली. तिच्या मागच्या तोंडात, जिथून हवा आणि गॅस आत शिरतो तिथे, मातीचा गोळा बसला होता. गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढा.

मध्ये कुंभारीणमाशी खिडकीतून येऊन स्वयंपाकघरात गुणगुणत असायची. मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन तिच्या मागे लागायची आणि ती ओव्हनच्या मागे कुठेतरी गडप व्हायची. ही ती.

"काय सापडलं वं?" बाबांनी विचारलं.

"कुंभारणीचं घर हाये."

"मंग काढ नं."

मी दाभण आणलं, नळी मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिले.

आमच्याकडे कुंभारणीचं घर फोडत नाहीत. ती घरात घर बांधते म्हणजे त्या घरात पाळणा हलणार असतो, असं म्हणतात. वर्गात कुणी हे बोललं की मी फळ्यावर माशीचं चित्र काढून, ती आत अळ्या कशा भरते, अंडं कसं घालते, ते समजावून द्यायची आणि बाकी सगळं खुळचटपणा आहे म्हणून सांगायची. तो खुळचटपणा आहे हे मला आजही माहीत आहे. पण माझ्या लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दर फोनला मी विचारायची, "काही विशेष?" आणि दर वेळी ती म्हणायची, "आई, कुकरची शिट्टी होतेय, ठेवते." माझ्या कपाटात जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं होतं. नातवंड हवं होतं मला. जीव तुटत होता त्याच्यासाठी. आणि आता ही माशी आली ती थेट लेकीने घेऊन दिलेल्या ओव्हनमध्ये.

"मी तव्यावर करून देते रोडगे," मी म्हटलं.

"तव्यावर?" बाबा म्हणाले. "मंग त्याले पोळीच म्हण नं."

यांच्या लक्षात आलं. "अवं, तू तर शाळेत पोरांना..."

"तुम्ही गप्प बसा."

बाबा खुर्चीतून उठले, भिंतीला धरत माझ्याजवळ आले आणि पाटावर टेकले. थोडा वेळ त्यांना धाप लागली होती. मग म्हणाले, "बाई, फोड ते. तसं काई नाई होनार."

"तुमाले काय माईत?"

"पोरीनं सांगतलं मले. त्यायले लेकरू नाई पाह्यजे. दोघायनं मिळून ठरवलं हाये. दिवाळीत सांगतलं, इथंच बसून. केक करून राह्यली होती तवा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. म्हणजे यांनाही माहीत होतं.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"भेते ते तुले."

"मी काय खाऊन टाकणार होती तिले?"

"पाह्य, आताच कशी वरडून राह्यली." बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आईले सांगू नोका म्हणे, आबाजी. म्या सांगतो नवतो. पण आता काय करू, मले भूक लागली हाये."

मला राग आला. लेकीचा आला, यांचा आला, बाबांचाही आला. आणि त्या सगळ्या रागाच्या खाली मला इतकं वाईट वाटलं की नाकातून पाणी यायला लागलं. माझ्या पोटची पोर मला घाबरते, आणि केक फेटता फेटता आजोबांना मनातलं सांगते.

"तुमी काय म्हटलं तिले?"

"काय म्हणाव? सुखी राह्य म्हटलं."

त्यांनी दाभणासाठी हात पुढे केला. मी दिलं नाही. मीच फोडलं. माती लगेच सुटली, आत दोन वाळक्या अळ्या निघाल्या, बाकी काही नाही. नळी फुंकली, पुसली, परत बसवली, साबणाचं पाणी लावून गॅस कुठून गळत नाही ना ते पाहिलं. बटण दाबून धरलं. भप्प करून निळा जाळ लागला आणि हे टाळ्या वाजवायला लागले. मी पाहिल्यावर थांबले.

रोडगे झाले. भाजलेले रोडगे मऊ कपड्यात गुंडाळून ठेवावे लागतात, नाहीतर वाळून खडखडीत होतात. मी कपाट उघडलं आणि ते दुपटं काढलं. इतकं मऊ कापड घरात दुसरं नव्हतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तूप टाकून, वांग्याच्या भाजीत चुरून, त्यांनी एक रोडगा संपवला आणि ताट पुढे केलं. "अर्धा आणखी दे."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबांची तब्येत विचारून झाली. मग ती थांबली. आता मी नेहमीचं विचारणार, म्हणून थांबली होती.

"तुझ्या ओव्हनमध्ये रोडगे केले," मी म्हटलं. "जरा कडक झाले गं. जाळ किती ठेवायचा?"

मग ती सांगायला लागली. जाळ किती, पाणी किती शिंपडायचं, कधी उलटायचे, मग ऑफिसचं, मग जावयाच्या पाठदुखीचं, शेजारच्या मांजराचं. बाबा झोपले, यांनी दिवे घालवले, तरी ती बोलतच होती. त्या दिवशी तिच्याकडे कुकरची एकही शिट्टी झाली नाही.