विनातिकीट पेशी

ससाण्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, तोही चांगला पसरलेला, आणि डॉक्टरांनी एक घोटाळा करून ठेवला. आजार त्याला त्याच्या नोकरीच्या भाषेत समजावून सांगितला.

ससाणा म्हणजे बसचा तिकीट तपासनीस. उभा जन्म फुकट्यांना पकडण्यात गेलेला. हे टोपणनाव कंडक्टरांनी वैतागून ठेवलेलं, तर हा ते बिल्ल्यासारखं मिरवायचा. ज्या दिवशी कुणीच सापडायचं नाही, त्या दिवशी घरी येऊन बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा.

"गाठीतून सुटलेल्या काही पेशी तुमच्या रक्तात फिरतायत," डॉक्टर म्हणाले. "विनातिकीट प्रवासीच समजा. आम्ही त्या शोधून मोजणार."

ससाण्याचे डोळे चमकले. पुढचं त्याने काही ऐकलंच नाही. ऐकलं ते बायकोने. ही तपासणी कुणाला खाली उतरवत नाही, नुसती मोजते. दोन-चार पेशी निघाल्या तर औषध लागू पडतंय. आकडा चढत गेला तर हाताशी दिवस थोडे.

घरी येताच ससाण्याने फर्मान काढलं, की परगावच्या मुलाला इतक्यात काही कळवायचं नाही. "रिपोर्ट वाईट आला की बोलावू. उगाच त्याची रजा कशाला वाया घालवायची?" बायकोने मान हलवली.

पहिल्या खेपेला सात सापडल्या आणि ससाणा खुलला. औषधं सुरू झाली. दुसऱ्या खेपेला तीनच निघाल्या, तेव्हा डॉक्टर खूश झाले आणि याने तोंड पाडलं. प्रयोगशाळेतली माणसं कामचुकार आहेत, असं त्याचं मत पडलं. त्या संध्याकाळी त्याने भाजीला नावं ठेवली.

तिसऱ्या खेपेला एकतीस.

डॉक्टर खाली मान घालून बोलत होते. ससाण्याने त्यांचा हात हातात घेतला. "आता कसं. मन लावून शोधलं की सापडतात." जिना उतरताना दम लागून तो दोनदा टेकला, पण तेही ऐटीत. नर्सला, वॉचमनला, शेजारच्या पोस्टमनला त्याने आकडा ऐकवला.

जेवण झाल्यावर बायकोने धीर केला. "अहो, जास्त सापडणं चांगलं नसतं. डॉक्टरच म्हणाले."

"तुला तपासणीतलं काय कळतं? सापडला की पुढच्या स्टॉपला उतरवायचा."

"इथे उतरवत नाहीत. मोजतात आणि सोडून देतात."

हे काही त्याला पटेना. असली बेशिस्त कुठलं खातं खपवून घेईल? तो हसला, तिची पाठ थोपटली आणि पंख्याखाली आडवा झाला.

तिला त्याचा राग आला. मुलाला तर आता बोलवायलाच हवं. पण फर्मान होतं वाईट रिपोर्टचं, आणि याच्या लेखी इतका चांगला रिपोर्ट आजवर आलाच नव्हता. आणखी समजवायला जावं तर बऱ्याच दिवसांनी आलेलं ते हसू जाणार. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन लावला.

"बाबांचा रिपोर्ट आला," ती मुलाला म्हणाली. "फार खुशीत आहेत ते. तू आजच निघ."