सेनापतीचा श्वास

रूमेईचं तोंड बेजिंगात कुणी ओळखत नाही, आवाज मात्र घरोघरी पोचलाय. ऐतिहासिक मालिकांतल्या राण्या पडद्यावर नुसते ओठ हलवतात. रडतात, रुसतात त्या हिच्या गळ्यातून. त्या राण्यांच्या सेनापतींना आवाज बहुधा बोलिनचा. तो सकाळी स्टुडिओत येऊन आपली वाक्यं बोलून जाई आणि दुपारी ही हेडफोन लावून त्याला उत्तरं देई. कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांवर जीव टाकला, पण गाठ कधी पडली नाही.

बोलिनची एक लकब होती. राणीचं नाव घेण्याआधी तो क्षणभर थांबायचा. सगळं प्रेम त्या थांबण्यात आहे, असं रूमेई नव्या मुलींना ठणकावून सांगायची. "शब्द काय, कुणीही बोलेल गं. असं थांबून दाखवा!"

परवा बोलिनचं काम जेवणवेळेपर्यंत लांबलं. स्टुडिओजवळच्या खानावळीत नूडल्सवर व्हिनेगर ओतणाऱ्या एका टकल्या माणसाने तिचा आवाज ऐकून मान वर केली, आणि दोघांची ओळख पटली. तिने न राहवून विचारलं, "नावाआधीचं ते थांबणं कुठून शिकलात हो?"

"शिकतोय कसलं, बाई! दमा आहे मला."

रूमेई हसून हसून बेजार झाली, मग स्वतःवरच चिडली. इतकी वर्षं आपण दम्यावर भाळलो होतो!

दुपारी तिने हेडफोन चढवला. सेनापती नावाआधी थांबला. त्याला धाप लागलीय, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मेलं काळीज त्याच जागी हललं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच राणीला उत्तर द्यायला उशीर झाला.