रेशमात अडकणारी चामखीळ

कानडी मुलखातल्या बनशंकरीत एका दुकानात देवाप्पा रेशमी साड्या दाखवायचा. मूळचा निपाणीकडचा. साडी अशी अलगद उलगडायचा की गिऱ्हाईक किंमत विचारायचं विसरे. मग त्याच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला खरखरीत चामखीळ उगवली आणि एके दिवशी तिने एका नवरीच्या शालूचा धागा ओढला. मालक ओरडले नाहीत. त्यांनी देवाप्पाला टॉवेलांच्या काउंटरवर पाठवलं.

टॉवेल उलगडावा लागत नाही. हे देवाप्पाच्या मनाला लागलं.

त्याची बायको रंजिता देवीच्या देवळात लिंबाच्या सालीत दिवे लावू लागली. तो स्वतः त्वचेच्या डॉक्टर सुप्रीता यांच्याकडे गेला. तोवर डाव्या हातावरही दोन बारक्या चामखिळी आल्या होत्या. डॉक्टरांनी बोट बघून औषधाची छोटी बाटली पुढे ठेवली.

"अण्णा, हा विषाणू आहे. कातडीच्या वरच्या थरातच बसतो, रक्तात उतरत नाही. म्हणून शरीराला त्याचा पत्ता लागत नाही."

"मग हे औषध त्याला मारतं?"

"नाही. हे ॲसिड मेलेल्या कातडीची पकड सैल करतं. थर सुटतात, त्यांच्याबरोबर विषाणूही जातो. शिवाय जागा स्वल्प चिडते, तेव्हा शरीराचे पहारेकरी बघायला येतात. बोट कोमट पाण्यात भिजवायचं, हलकं घासायचं, थेंबभर लावायचं. थेंबभरच. महिने लागतील."

"सरी," देवाप्पाने कानडीत होकार भरला आणि घरी जाऊन औषध चांगलं चोपडलं. बोट लालबुंद होऊन सोलवटलं.

"ॲसिडला चांगली कातडी कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. जखम भरेपर्यंत औषध बंद झालं. नंतर त्याने बाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावून मोजकाच थेंब टाकला. टॉवेल विकले.

उन्हाळा संपता संपता चामखीळ झडून बोटावरच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या. डावा हातही स्वच्छ झाला. तिथे तर त्याने काहीच लावलं नव्हतं.

"पहारेकऱ्यांना ओळख पटली की कधीकधी ते दुसरीकडचेही शोधतात," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांचं असं होत नाही."

"देवीने दोन्ही हात बघितले," रंजिता म्हणाली.

देवाप्पाने दोघींनाही हो म्हटलं.

मालकांनी त्याला परत रेशमावर घेतलं. पहिल्याच बाईंनी अख्खा कप्पा उलगडायला लावला आणि काहीही न घेता उठून गेल्या. देवाप्पा घड्या घालत बसला. बऱ्याच महिन्यांनी त्याला बरं वाटत होतं.