बोटाचं टोक

दोन हजार सालच्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या आमच्या घरात दोन जखमा होत्या. वडिलांच्या टाचेत बागेतल्या जांभ्या दगडाची कपची घुसली होती. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही, आणि मग जखम भरेचना. दुसरी माझ्या चार वर्षांच्या मुलीची. वाऱ्याने दार आपटलं आणि तिच्या करंगळीचं टोक तुटलं.

डॉक्टर म्हणाले, "नखाचं मूळ शाबूत आहे. टाके नकोत. नुसतं स्वच्छ आणि झाकून ठेवा."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. नखाच्या मुळाशी असलेल्या पेशी बोटाचं टोक पुन्हा घडवू शकतात, हे मी वाचलं होतं. पण पोटच्या पोरीच्या बाबतीत पुस्तकावर भरवसा बसत नव्हता.

संध्याकाळी पडवीत दोघांच्या पट्ट्या मीच बदलायचो. करंगळी हळूहळू गोल होत गेली. वडील चष्मा लावून ती न्याहाळत.

"काय रे, माझीच का भरत नाही?" एकदा त्यांनी विचारलं.

"जखम झाली की पांढऱ्या पेशी येऊन जंतू मारतात, घाण साफ करतात. मग त्या मागे सरतात आणि नवी कातडी विणणाऱ्या पेशींना वाव मिळतो. तुमच्या टाचेतल्या पेशी मागे सरतच नाहीत. नवं विणलेलंही कुरतडलं जातं."

"म्हणजे भांडण मिटत नाही, म्हणून घर उभं राहत नाही."

मी मान हलवली. टाच काळी पडू लागली होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

गणपतीच्या आधी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते घरी आले तेव्हा मुलीने नवं नख आलेली करंगळी त्यांच्यापुढे धरली. "आजोबा, तुमचा पाय कधी येणार?"

वडिलांनी तिला जवळ घेतलं.

"नाही यायचा गो. माणसाला इतकंच जमतं, बोटाच्या टोकापुरतं."

त्या रात्री ते जेवले नाहीत.

कापल्या जागेची जखम मात्र भरू लागली. टाचेपर्यंत न पोचणारं रक्त तिथवर नीट पोचत होतं. शेवटची पट्टी सुटली तेव्हा त्यांनी वणावरून बराच वेळ तळवा फिरवला. "ही भरली," एवढंच म्हणाले.

पुढच्या आंब्याच्या हंगामाला ते कुबड्या घेऊन बागेभोवतीच्या दगडी गडग्यापर्यंत गेले. आत जमीन उंचसखल. गडग्याला टेकूनच त्यांनी गड्यांना कुठल्या कलमांचे आंबे आधी उतरवायचे ते सांगितलं.